विंगेतला आवाज

“बाई, ह्या बाजूला प्रॉम्प्टिंग असणार आहे का?”

ध्वनिमुद्रक इनामदारांनी मला हे विचारलं तेव्हा ते रंगमंचावर फतकल मारून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आमच्या नाटकातला जुना रेडिओ होता. रेडिओचं मागचं झाकण काढून त्यांनी आत करंगळीएवढा माइक बसवला होता आणि आता त्याची वायर गालिच्याखालून विंगेकडे सोडत होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सगळी हयात आवाज ऐकण्यात गेलेली.

“असलं तरी हरकत नाही,” ते म्हणाले. “फक्त मला आधी कळायला हवं. हा माइक फार तिखट कानाचा आहे. प्रॉम्प्टिंग असेल तर मी तो पलीकडच्या खिडकीत लावतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझी मान वळली. आमचे मुख्य नट मामा दोन पावलांवर उभे होते, कोटाची बटणं लावत. त्यांच्या शेजारी आमचे निर्माते वालावलकर, कानाला फोन, पण कान आमच्याकडे.

“प्रॉम्प्टिंग? धारपांना?” मी म्हणाले. “तीनशे अकरा प्रयोग झालेत हो ह्या नाटकाचे. मी विंगेत बसते ती स्वेटर विणायला.”

सगळे हसले. वालावलकर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मामा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघून एकदा डोळे मिटले. इनामदारांनी झाकण लावलं, चारही स्क्रू पिळून घट्ट केले आणि रेडिओ उचलून मामांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवून दिला.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ‘आतून कडी’चा तीनशे बारावा प्रयोग पुण्यात होणार होता आणि त्याच क्षणी तो बावीस गावांतल्या चित्रपटगृहांत पडद्यावर दिसणार होता. नांदेड, अकोला, रत्नागिरी, जळगाव. जिथं आमची बस जाऊ शकत नव्हती किंवा जाऊन परवडत नव्हतं, तिथली माणसं तिकीट काढून अंधारात बसणार आणि आमचं नाटक जसं घडेल तसं बघणार. आम्हा नाटकवाल्यांना हा प्रकार म्हणजे लग्न इकडे आणि जेवणावळ तिकडे, असाच वाटत होता. पण वालावलकर हवेत होते. त्यांनी पाच कॅमेरे आणले होते आणि प्रेक्षागृहातल्या चांगल्या तीस खुर्च्या त्या कॅमेऱ्यांना दिल्या होत्या.

मामा म्हणजे मधुसूदन धारप. सगळा नाटकधंदा त्यांना मामा म्हणायचा, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. तेव्हा ते एक्काहत्तर वर्षांचे होते. नाटकात त्यांची भूमिका एका निवृत्त हेडमास्तरची. मुलगी घर सोडून गेलेली, ती बारा वर्षांनी परत येते, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी मास्तर तिच्याशी सहा मिनिटं बोलतात. लोक त्या सहा मिनिटांसाठी यायचे. रुमाल घेऊन यायचे म्हटलं तरी चालेल.

मी त्यांची प्रॉम्प्टर. पोटासाठी तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. तरुणपणी स्पर्धेच्या नाटकांत कामं केली होती, पण माझा आवाज चालायचा आणि चेहरा चालायचा नाही, हे मला एका परीक्षकानं फार सभ्य शब्दांत सांगितलं होतं. मामांनीच मला विंगेत आणून बसवलं. पहिल्या दिवशी हातात संहिता देऊन म्हणाले होते, “एवढंच लक्षात ठेव, मंदा. प्रॉम्प्टरनं शब्द द्यायचा, अर्थ द्यायचा नाही. किराणा मालाची यादी वाचल्यासारखं सपाट वाचायचं. अर्थ माझा मी लावतो. तू अर्थासकट वाक्य दिलंस की मी तुझी नक्कल करायला लागेन, आणि मग ते नाटक राहत नाही.”

बावीस वर्षं मी सपाट वाचलं. त्या बावीस वर्षांत मामांना मी दिलेली वाक्यं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आली असती. संहितेवरून नजर न काढता मी खरोखरच तीन स्वेटर विणले.

मग त्या शनिवारच्या दीड वर्ष आधी सांगलीला दुपारच्या प्रयोगात ते गप्प झाले. मी वाक्य दिलं, त्यांनी ते घेतलं, प्रयोग पार पडला, कोणाला काही कळलं नाही. परतताना कऱ्हाडला चहाला बस थांबली. मंडळी उतरली, मामा उतरले नाहीत. मी त्यांचा कप घेऊन वर चढले.

“मंदा, बस इथे,” ते म्हणाले. “शब्द गेला तर चालतं. शब्द प्रत्येकाचा जातो. पण आज समोरची पोर कोण आणि मी तिच्याशी का बोलतोय, तेच गेलं. दहा सेकंद असेल. मी नुसता कोट घालून उभा होतो.”

“डॉक्टरांना दाखवूया.”

“दाखवलंय. हळूहळू जाणार म्हणाले. किती हळू ते त्यांनाही माहीत नाही.” त्यांनी चहा घेतला, प्यायले नाहीत. “माझं एक काम कर. प्रत्येक प्रयोगानंतर मला आकडा सांगायचा. आज मला किती वाक्यं दिलीस. माझं मला आठवत नाही, प्रयोग झाला की सगळं माझंच होतं असं वाटतं. आकडा पाचाच्या वर गेला की त्या दिवशी मी थांबणार. लोकांना कळायच्या आत मला उतरायचंय. कीव नकोय मला. कोणाची म्हणजे कोणाची नकोय.”

“सांगेन.”

“असं नाही. शपथ घे.”

“मामा, तीस वर्षं लोकांचे फोन ऐकले. एक शब्द कधी तोंडातून बाहेर पडला नाही.”

“ते गुपित राखणं झालं. मी खरं सांगायला सांगतोय. ते अवघड असतं.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून पडदा पडला की मेकअपरूममध्ये मामा आरशातून माझ्याकडे बघत विचारायचे, “आज किती?” आणि मी सांगायचे, “दोन.” कधी “तीन.” अधूनमधून “चार” म्हणायचे, म्हणजे ते जरा गंभीर व्हायचे आणि त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढायचा. पाच मी कधीच म्हणाले नाही.

मामांचा गुडघा दुखतो असं दिग्दर्शकाला सांगून मी त्यांची खुर्ची एकेक वीत डाव्या विंगेकडे सरकवत आणली होती. खुर्ची आली तशी तिवई आली, आणि तिवईवर रेडिओ. इनामदारांना माइक लपवायला नेमका तोच रेडिओ आवडला.

त्या शनिवारी मामा रंगात होते. मेकअप नेहमीपेक्षा कमी होता, कारण कॅमेरा फार जवळून बघतो म्हणे. तिसऱ्या घंटेआधी ते विंगेत आले आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, “मंदा, आज जळगावचे लोकसुद्धा माझ्या नाकातले केस मोजणार.” मग रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले.

पहिला अंक झाला. दुसरा झाला. त्या सहा मिनिटांत प्रेक्षागृहात कोणी खोकललंही नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि आधी शांतता, मग ती टाळ्यांची लाट. लोक उभे राहिले. कॅमेरेवाल्यांपैकी एकजण बाहीनं डोळे पुसत होता. पडदा पडल्यावर वालावलकरांनी मामांना चक्क उचललं.

मेकअपरूममध्ये गर्दी ओसरल्यावर आरशातून प्रश्न आला. “आज किती?”

“तीन.”

“बघ!” मामांनी गालावरचा रंग पुसता पुसता मांडीवर थाप मारली. “बावीस गावं, पाच कॅमेरे आणि तीन. अजून दोन वर्षं काढतो बघ मी.”

मी त्यांचा कोट हँगरला लावून बाहेर आले. दाराशी इनामदार उभे होते. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला.

“बाई, जरा ह्या बाजूला या.” ते मला सेटच्या मागे घेऊन गेले. “मी तुम्हाला विचारलं होतं.”

“इथे कोणाला ऐकू गेलं नाही,” मी म्हणाले. “मी फार हळू बोलते.”

“इथे नाहीच गेलं. तो माइक इथल्या स्पीकरला नव्हताच. तो फक्त बाहेरगावी जात होता.”

“किती गेलं?”

“पहिल्या अंकात थोडंफार. दुसऱ्यात…” त्यांनी गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला. “मी माइक बंद करायला हात घातला होता. पण धारपही त्याच माइकवर होते. तुम्हाला घालवलं की ते जात होते.”

मी एका पेटाऱ्यावर बसले. ह्या माणसानं मला सरळ प्रश्न विचारला होता, त्याचं सरळ उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते चार माणसांसमोर द्यायची लाज वाटली म्हणून मी गिळलं होतं. बाजूला घेऊन कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते मला सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

“हे पुसता नाही येणार?”

“नाही. एकच आवाज झालाय तो आता. आणि पुढच्या रविवारी सकाळी हेच मुद्रण पुन्हा लावणार आहेत, पुण्यातसुद्धा. वालावलकरांना मी सांगतो, वायरिंगमध्ये घोटाळा झाला, आवाज दुहेरी गेला म्हणून. माझ्यावर ओरडतील, ओरडू देत. पण धारपांना तुम्ही सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.”

आठवडाभर वालावलकरांचे फोन वाजत राहिले. आवाज घुमत होता, दोनदा येत होता. अकोल्याला म्हणे ऐन भाषणात लोक हसले. वालावलकरांनी इनामदारांना फैलावर घेतलं आणि पुढचं काम देणार नाही म्हणाले. मी तिथेच उभी होते. मी खाली मान घालून पदराचं टोक चिवडत राहिले, ह्यापलीकडे काही केलं नाही.

बुधवारी मी मामांकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. मामींनी थालीपीठ लावलं होतं. मी दोन थालीपिठं खाल्ली, लोण्याचं कौतुक केलं, त्यांच्या नळाला पाणी कमी येतं त्यावर अर्धा तास बोलले. निघताना मामाच म्हणाले, “रविवारी सकाळी काय करतेयस? मी दोन तिकिटं काढलीयत.”

“कशाची?”

“माझीच. एक्काहत्तर वर्षांचा झालो, सगळ्या जगानं मला बघितलं, मी तेवढा राहिलोय. हिचे पाय दुखतात, तासन्‌तास बसवत नाही. तू चल.”

“मामा, आवाज खराब झालाय म्हणतात. इनामदारांनी…”

“मला ऐकायचंय कुठे? माझं मी ऐकलेलं आहे. मला बघायचंय.”

मी हो म्हणाले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस हातात होते आणि फोन घरातच होता.

रविवारी अकरा वाजता एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर आम्ही दोघं. कोणी ओळखू नये म्हणून मामांनी डोक्यावर क्रिकेटची टोपी घातली होती. पॉपकॉर्न घ्यायचाच असा हट्ट धरला. “प्रेक्षक व्हायचं तर पूर्ण व्हावं,” म्हणाले. आत साठेक माणसं असतील, बहुतेक आमच्याच वयाची. राष्ट्रगीताला उभे राहिलो, बसलो आणि पडद्यावर आमचा पडदा वर गेला.

“अरे देवा,” मामा कुजबुजले. “केवढा म्हातारा दिसतो मी. मला कोणी सांगितलं कसं नाही?”

पहिली पंधरा मिनिटं ते लहान मुलासारखे रमले. आपण वळताना खांदा उडवतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. मग पडद्यावरचे मास्तर खुर्चीत बसले, आणि चित्रपटगृहाच्या चारी भिंतींतून माझा आवाज आला. स्वच्छ. कुजबुजीचा घोगरेपणासुद्धा स्वच्छ. त्यामागून मामांचा.

“आवाज डबल येतोय,” पुढच्या रांगेतले गृहस्थ बायकोला म्हणाले.

मामांनी मान तिरकी केली. थोड्या वेळानं पुन्हा. त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि करंगळी उघडली. मग अनामिका. मग मधलं बोट. पाचही बोटं उघडी झाली, त्यानंतर त्यांनी मूठ मिटून मांडीवर ठेवली आणि ती पुन्हा उघडली नाही.

मध्यंतराचे दिवे लागले.

“तो तुझा आवाज आहे ना?”

“हो.”

“मला इतकी वाक्यं दिलीस त्या दिवशी?”

“मामा, घरी जाऊया. मी सगळं सांगते. रिक्षात सांगते.”

“नाटक अर्ध्यावर टाकून उठायचं?” ते म्हणाले. “नटानं?”

दुसरा अंक. कॅमेरा इतक्या जवळ गेला होता की पडदाभर फक्त मामांचा चेहरा. डोळे मुलीकडे असायला हवेत, ते किंचित डावीकडे, विंगेकडे लागलेले. हे आमच्या प्रेक्षागृहातून कधीच दिसलं नसतं. ओठ बंद. आणि मी बोलायला लागले.

‘तू गेलीस त्या दिवशी मी दार लावलं नाही. वारा आत येत राहिला. म्हटलं, येऊ दे. वारा तरी येतोय.’

मी यादी वाचत नव्हते. मी थांबत होते, ‘वारा तरी’वर आवाज खाली आणत होते, ‘येतोय’ श्वासात विरघळवत होते. मग त्या चेहऱ्याचे ओठ हलले आणि तेच वाक्य, तेवढाच थांबा, तीच खाली आलेली पट्टी, तोच श्वास. एक वाक्य माझं, त्यामागून एक त्यांचं. सहा मिनिटं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, कोणीतरी त्याला शूऽऽ केलं. मग हसू थांबलं, कारण भाषण चांगलं होतं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. तो त्यांनी माझ्या आवाजाला लावला होता, मामांचं वाक्य यायच्या आधी. मी ते बघितलं. आणि इथेच सांगून टाकते, एवढ्या लाजिरवाण्या क्षणीही माझ्या मनात कुठेतरी गुदगुल्या झाल्या.

लोक उठून गेले. झाडूवाला आत आला. मामा बसून होते.

“शब्द दिलेस ते कळलं,” ते म्हणाले. “अर्थ कधीपासून द्यायला लागलीस?”

“दिवाळीपासून.”

“परवाच्या?”

“त्याच्या आधीच्या.”

“म्हणजे वर्षाच्या वर.” ते पडद्याकडेच बघत होते. “आणि मी इतके दिवस काय करत होतो?”

“तुम्ही मागून म्हणत होतात.”

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं, आणि मी त्यांना इतक्या दिवसांत सांगितलेलं ते पहिलं खरं होतं.

“सपाट दिलं की तुम्हाला काही लागेना हो,” मी म्हणाले. “शब्द घ्यायचात, पण नुसते ठेवून द्यायचात. एक दिवस माझ्याच्यानं राहवलं नाही, मी म्हणून दाखवलं. तुम्ही तसंच म्हणालात आणि टाळ्या पडल्या.”

“त्या दिवशी मला का सांगितलं नाहीस?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तुम्ही मोडून पडाल म्हणून, मामींकडे बघून, कंपनीतल्या अकरा माणसांच्या पोटाकडे बघून. त्यात खोटं काही नव्हतं. पण मामांनी टोपी काढून हातात घेतली होती, त्यांचे विरळ केस विसकटले होते, आणि मला ते उत्तर देता येईना.

“मला सोडवेना,” मी म्हणाले.

“काय?”

“ते भाषण. रोज हजार माणसं रडायची, मामा. मला कधी कोणी बघितलंसुद्धा नव्हतं.”

त्यांनी बराच वेळ मान हलवली. रागावले असते तर मी पाय धरले असते.

“चांगलं म्हणतेस,” ते म्हणाले. “खरंच चांगलं म्हणतेस. मला ते तसं कधी सुचलं नव्हतं. पण मंदा, मला माझ्या पायांनी उतरायचं होतं गं. तेवढंच एक मागितलं होतं तुझ्याकडे.”

बाहेर लिफ्टपाशी एक गृहस्थ घोटाळत होते. पुढच्या रांगेतले. मामांच्या डोक्यावर आता टोपी नव्हती.

“धारप ना आपण? वा वा!” त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. माणूस अगदी मनापासून बोलत होता. “अहो, मागून सांगत होतं कोणीतरी तर त्यात काय झालं? ह्या वयात तुम्ही उभे राहता हेच खूप आहे. आमच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. जपा हं. फार वाईट वाटलं.”

मामांनी हात सोडवून घेतला आणि त्यांना नमस्कार केला. लिफ्टमध्ये ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रिक्षा मिळाल्यावर त्यांनी मला आत बसू दिलं नाही. “तू ये मागून,” म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी वालावलकरांना प्रकृतीचं कारण सांगून पुढचे सगळे प्रयोग सोडले. माझं नाव त्यांनी कोणापाशीही काढलं नाही. मी वालावलकरांना जाऊन खरं काय ते सांगितलं, इनामदारांचा दोष नव्हता म्हणून सांगितलं, पण तेव्हा वेळ निघून गेली होती आणि इनामदार मुंबईला निघून गेले होते. मामांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. फोन मामी उचलायच्या आणि “झोपलेत” म्हणायच्या, सकाळी दहा वाजतासुद्धा.

तीन वर्षांनी मामींचाच फोन आला.

“येऊन जा, मंदाताई. आता काही ओळखत नाहीत. तुमच्यावरचा रागही विसरले असतील.”

मामा गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. दाढी कोणीतरी नीट केलेली, सदरा स्वच्छ. वाळले होते. मी समोर स्टूल ओढून बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते एखाद्या भिंतीकडे बघावं तसं.

“बोला तुम्ही,” मामी म्हणाल्या. “बोललं की बोलतात.”

“मामा, मी मंदा.”

त्यांची नजर हलली आणि माझ्या ओठांवर येऊन थांबली.

“मामा, मी मंदा,” ते म्हणाले.

“हे असंच करतात,” मामी म्हणाल्या. “जे म्हणावं ते. डॉक्टर म्हणतात, होतं असं. नातवंडांना गंमत वाटते.” आत कुकरची शिट्टी झाली तशी त्या उठून गेल्या.

तीन वर्षं मी ते वाक्य मनात घोळवत होते. झोपताना म्हणून बघितलं होतं, बसमध्ये म्हणून बघितलं होतं. आता ऐकायला माणूस समोर होता आणि त्याला ऐकू येत होतं.

“माझं चुकलं, मामा,” मी म्हणाले. ‘चुकलं’वर माझा आवाज फाटला. मी तो मुद्दाम फाडला नव्हता.

मामा जरा पुढे झुकले. कपाळाला आठी पडली, त्यांनी श्वास घेतला.

“माझं चुकलं, मामा,” ते म्हणाले. जिथे माझा आवाज फाटला होता, नेमका तिथेच त्यांचाही फाटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याइतकंच.

मग ते थांबले आणि पुढच्या वाक्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.